डंपर येण्याआधी : गावाची पाणथळ कागदावर आणि जमिनीवर कशी राखायची

आमच्या खाडीकाठी खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीच्या, बांधाला उघाडी असते. लाकडी फळीचं साधं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीचं खारं पाणी किती आत घ्यायचं ते त्या फळीवर ठरतं. एका उन्हाळ्यात त्या दाराच्या तोंडाशी कोणीतरी दोन डंपर मुरूम ओतला. दोन डंपरचं काय एवढं, म्हणून कोणी बोललं नाही. पुढच्या मे महिन्यात आतला चिखल भेगाळला. त्याच्या पुढच्या वर्षी तिथे पोरं क्रिकेट खेळायला लागली. आम्ही अर्ज घेऊन धावलो तेव्हा पाहणीला आलेल्या साहेबांनी पायाखालची टणक जमीन दाखवून विचारलं, "इथे पाणी आहे कुठे?" आमच्यापैकी प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. लिहिलेलं मात्र कोणाकडेच नव्हतं.

त्यानंतरच्या काही वर्षांत आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. खाडीकाठचं खाजण असो, विदर्भातला मामा (माजी मालगुजारी) तलाव असो की शहराच्या कडेची दलदल असो, मारायची पद्धत सगळीकडे सारखीच आहे. आधी पाण्याची वाट बंद होते, मग जागा सुकते, आणि सुकलेल्या जागेला कागद 'पडीक' म्हणतो. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावाचं हेच झालं. खाडीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, तलाव कोरडा पडत गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या परिसरात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी मेले. तिथल्या नागरिकांनी पाठ सोडली नाही, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. पण प्रत्येक गावात रोहित उतरत नाहीत आणि प्रत्येक गावाकडे कॅमेरे वळत नाहीत. बाकीच्यांना कागदच वाचवतो.

पहिलं काम : पाण्याला नंबर शोधा

"आमचं तळं बुजवलं" असा अर्ज कार्यालयात फिरतच राहतो. "गट नंबर अमुक, क्षेत्र इतकं आर, नोंद अशी" असं लिहिलेल्या अर्जाला टेबल मिळतं. म्हणून सुरुवात गाव नकाशापासून करा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर तो पाहता येतो, पण तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्याच, कारण पुढे सुनावणीत तीच चालते. नकाशावर पाण्याची हद्द पेन्सिलीने आखा आणि ती कोणकोणत्या नंबरांतून जाते ते लिहा. एक पाणथळ दहा-बारा नंबरांत विभागलेली असणं अगदी नेहमीचं आहे.

मग प्रत्येक नंबराचा सातबारा काढा आणि 'पोटखराब' हा रकाना नीट वाचा. बहुतेक लोक तो वाचतच नाहीत. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे खडक, खाचखळगे अशी लागवडीस अयोग्य जमीन. ती मालकाला लागवडीखाली आणता येते. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक वापराची जागा : रस्ता, पायवाट, किंवा मालकाखेरीज इतर लोक वापरतात ते तळं, ओहोळ. तुमचं पाणी वर्ग ब मध्ये नोंदलेलं असेल तर हातात मोठं हत्यार आहे. पूर्वी ब होतं आणि आता अ दिसतंय असं आढळलं तर फेरफार नोंदी मागवा. कोणत्या वर्षी, कोणत्या आदेशाने वर्ग बदलला हे तिथेच सापडेल.

सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम २० आठवणीत ठेवा. दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर नद्या, नाले, सरोवरं, तलाव, खाड्यांचा तळ ही सरकारची मालमत्ता मानली जाते. विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी दोन कागद : निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मालगुजारी तलावांवर गावाचे पाण्याचे, मासेमारीचे हक्क काय होते हे त्यांत लिहिलेलं असतं. इतका जुना, इतका स्पष्ट पुरावा कोकणात आम्हाला मिळाला असता तर आमची दोन वर्षं वाचली असती.

या सगळ्याचा एक मोठा तक्ता करा : नंबर, क्षेत्र, मालक खाजगी की शासन, सातबाऱ्यावरची नोंद, आणि शेवटच्या रकान्यात जमिनीवर खरोखर काय आहे. आमच्या गटात एक निवृत्त तलाठी होते. त्यांनी हे काम तीन रविवारांत उरकलं. अशी एक व्यक्ती प्रत्येक तालुक्यात असते. तिला शोधा, तिच्या घरी जा, मान द्या.

कोणत्या पाण्याला कोणता नियम

इथे चूक झाली तर तक्रार चुकीच्या दारात जाते आणि महिने वाया जातात.

केंद्राचे पाणथळ नियम २६ सप्टेंबर २०१७ ला आले. ते लागू होतात रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ठरलेल्या पाणथळींना; आपल्याकडे नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, गोव्यात कुडचडेजवळचं नंदा तळं. आणि केंद्राने किंवा राज्याने अधिसूचित केलेल्या इतर पाणथळींना. तिथे भराव, अतिक्रमण, कचरा, सांडपाणी, नवा उद्योग यांना मनाई आहे. नियम आले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटींचा धक्का सोडून पक्कं बांधकामही चालत नाही.

या नियमांत काय बसत नाही तेही पाहून ठेवा. नदीचं पात्र, भातशेती, आणि पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मिठागरं किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले आहेत. समोरचा वकील सर्वात आधी हाच मुद्दा काढतो : "हे तर सिंचनाचं तळं." तेव्हा तुमच्याकडे दाखला असू द्या की नांदूर मधमेश्वर हीसुद्धा गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे तयार झालेली पाणथळ आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाली. माणसाने अडवलेलं पाणी काळाबरोबर जिवंत होतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही.

अधिसूचना झालेली नाही म्हणून हातपाय गाळू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातल्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या जुन्या पाणथळ नियमांतल्या मनाईच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितलं. इस्रोच्या अहमदाबादमधल्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहावरून नोंदलेल्या, २.२५ हेक्टरांहून मोठ्या या पाणथळी आहेत. त्यानंतरच्या नकाशात हा आकडा २,३१,१९५ पर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना या सगळ्यांची जागेवर जाऊन पडताळणी व हद्दनिश्चिती करायचा आदेश दिला. तुमची पाणथळ या यादीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. असेल तर प्रत्येक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ते लिहा.

भरतीचं पाणी जिथे येतं तिथे वेगळा नियम. किनारा नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागा पाणथळ नियमांतून वगळल्या आहेत, त्यांना २०१९ ची किनारा अधिसूचना लागते. तिवरं (कांदळवन), खारदलदल, जिवंत चिखलपट्टे हे सर्वात कडक वर्गात मोडतात. तिवरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल तर पाठच करावा असा आहे : तिवरं तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे, जमीन कोणाच्याही मालकीची असो. कोकण विभागात तिवरं आणि पाणथळींच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची समिती आहे. किनाऱ्यावरची तक्रार तिथे जायलाच हवी.

सव्वादोन हेक्टरांहून लहान डबक्यांचं काय? त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे. गावाची तळी आणि सामायिक जमिनी यांवरची अतिक्रमणं काढा, असं त्यात सगळ्या राज्यांना बजावलं आहे. जैवविविधता कायद्याची वाटही आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळांची दलदल अवघी २.५९ हेक्टरांची, म्हणजे सव्वादोनच्या जरा वरची; २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ झाली.

पुरावा : रंगवलेला बांबू आणि शंभर पानी वही

आमच्या सगळ्या खटाटोपात सर्वात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे एक बांबू. वीतवीत अंतरावर लाल-पांढरे पट्टे मारून तो आम्ही पाणथळीच्या खोलगट भागात रोवला. दर अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या दिवशी, कोणीतरी दोघं जाऊन त्याचा फोटो काढायचे आणि वहीत लिहायचे : तारीख, वेळ, पाणी कितव्या पट्ट्याला, उघाडी उघडी की बंद, सही. दोन सह्या, एक मच्छिमाराची आणि एक शेतकऱ्याची. फोटो एकाच दगडावर उभं राहून, एकाच दिशेने. मोबाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ फोटोवर उमटवणारं ॲप टाका. वर्षभरात चोवीस-पंचवीस नोंदी होतात. पुढे पुन्हा "पाणी आहे कुठे" असं कोणी विचारलं तेव्हा आम्ही वही उघडून पुढे ठेवली. पाणी कोणत्या महिन्यात किती होतं आणि कोणत्या उधाणानंतर ते येईनासं झालं, हे त्या पानांवरून बोटाने दाखवता आलं.

खाडीपासून लांब असाल तर दर पंधरवड्याचा एक दिवस ठरवा. पावसाळ्यातला फोटो कोणीही काढतो. खरी किंमत मार्च ते मे या महिन्यांतल्या नोंदीची असते. ओल किती राहते, पाणकणीस कुठवर हिरवं आहे, विहिरींचं पाणी किती खाली गेलं, हे सगळं टिपा.

जुन्या काळासाठी गुगल अर्थ प्रोमध्ये मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात. भरावाआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारीशेजारी छापून घ्या. आणि म्हाताऱ्यांना विचारा. आमच्याकडे २६ जुलै २००५ चं पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं होतं हे चार जणांनी वेगवेगळं विचारूनही एकच सांगितलं. पूरपातळीच्या वादात अशी खूण मोलाची ठरते. ती मोजून, फोटो काढून, सांगणाऱ्याच्या सहीने नोंदवा.

पक्ष्यांची यादी करा, पण तिथेच थांबू नका. शहरातल्या मित्रांच्या अहवालात पन्नास पक्षी असतात आणि माणूस एकही नसतो. किती घरं इथून निवटी, चिंबोरी, कोळंबी काढतात, जिताडा मासा कोणत्या महिन्यात आत येतो, गुरांचा चारा कुठून येतो, गावाचं पावसाचं पाणी कुठे मुरतं हे लिहा. उरण-पनवेलच्या पारंपरिक मच्छिमारांनी राष्ट्रीय हरित लवादात नेमकं हेच मांडलं होतं : भरावामुळे आणि तिवरं गेल्यामुळे मासेमारीच्या जागा आणि पोटाचं साधन गेलं. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाने १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. नुसत्या पक्ष्यांच्या यादीवर असा आदेश झाला नसता.

ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच. तिची लोकजैवविविधता नोंदवही मागवून बघा, त्यात तुमची पाणथळ आहे का. नसेल तर तुमची वही समितीपुढे ठेवा आणि नोंद करून घ्या. खाजगी गटाची माहिती त्या दिवसापासून सरकारी दप्तरातली माहिती होते.

माणसं जोडताना

हा भाग सर्वात अवघड आहे आणि इथे घाई केली की सगळं फिसकटतं.

आमच्या पहिल्या बैठकीत पडद्यावर पक्ष्यांचे सुंदर फोटो दाखवले गेले. ते संपल्यावर मागून एक शेतकरी उठले आणि म्हणाले, "पक्षी ठीक आहेत हो. पण उद्या पोरीच्या शिक्षणाला चार गुंठे विकायचे म्हटले तर मी काय करू?" खोलीत शांतता पसरली, कारण आमच्यापैकी कोणी त्याचा विचारच केला नव्हता. आमच्या भागात या प्रश्नामागे इतिहास आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, त्याविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरणकडच्या जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. 'नियम' आणि 'आरक्षण' हे शब्द ऐकले की इथल्या माणसाला आधी आपला सातबारा आठवतो. त्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणणं हा अन्याय आहे.

तेव्हा आधी तीन गोष्टी मोकळेपणाने बोला. खाजगी जमिनीचं क्षेत्र पाणथळीत नेमकं किती आहे, ते तक्त्यावरून दाखवा. बऱ्याचदा ते लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी निघतं. दुसरं, २०१७ च्या नियमांनुसार अधिसूचनेसाठी जो संक्षिप्त दस्तऐवज करावा लागतो त्यात लोकांचे आधीपासूनचे हक्क नोंदवायचे असतात आणि कोणत्या कामांना परवानगी, कोणत्यांवर नियंत्रण, कोणत्यांना मनाई याच्या याद्या द्यायच्या असतात. म्हणजे मासेमारी, चारा, पाणी ओसरल्यावरचं पीक, उघाडीची दुरुस्ती हे सगळं 'परवानगी' या यादीत लिहून घेता येतं. ते लिहून घेणं तुमचं काम. कोणी आपणहून लिहिणार नाही. तिसरं, गावठाणाबाहेर वाढलेली गरजेपोटीची घरं आणि डंपरने केलेला धंदेवाईक भराव यांत फरक करा, आणि तो तुमच्या अर्जातही दिसू द्या. हे आम्ही लिहून दिलं त्या दिवसापासून गावातली निम्मी धुसफूस संपली.

गटात पाच-सात जण पुरेत, पण मच्छिमार, काठावरचे शेतकरी, बचत गटातल्या महिला, एक कागद जाणणारा आणि एक नकाशा जाणणारा असे हवेत. बैठक पाणथळीच्या काठावरच घ्या. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या मच्छिमारांनी तलावांत माजलेली बेशरम ही परकी वनस्पती उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा मासे वाढलेले गावाने डोळ्यांनी पाहिले. एखाद्या सकाळी सगळ्यांनी मिळून गाळ काढला की जे पटतं ते दहा भाषणांनी पटत नाही.

ग्रामसभेचा ठराव

विषय आधी लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. आयत्या वेळच्या विषयात मांडलेला ठराव नंतर मोडता येतो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. हजेरीपुस्तकावर सह्या झाल्या का ते स्वतः पाहा. ठराव मोघम नको. आमच्या ठरावाचा गाभा असा होता :

"मौजे … येथील गट नंबर …, …, … मधील सोबतच्या नकाशात दाखवलेली पाणथळ ही गावाच्या पूरनियंत्रणासाठी, मासेमारीसाठी व गुरांच्या चाऱ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. या क्षेत्रात भराव, राडारोडा टाकणे व पाण्याचे नैसर्गिक मार्ग बंद करणे यांस ग्रामसभेचा विरोध आहे. ग्रामपंचायतीने या क्षेत्रात कोणत्याही बांधकामास ना-हरकत दाखला देऊ नये. मा. जिल्हाधिकारी यांनी क्षेत्राची संयुक्त मोजणी करून पाणथळ म्हणून नोंद घ्यावी. ग्रामस्थांचे मासेमारी, चारा व उघाडी दुरुस्तीचे हक्क अबाधित राहावेत."

सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत आठवड्याच्या आत घ्या. तीच प्रत पुढे जिल्हाधिकारी, तहसीलदार, नगररचना, वन विभाग आणि राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे जाते. प्रत्येक ठिकाणची आवक पोच फाइलला लावा.

विकास आराखडा : इथे जागं राहा

भराव एका रात्रीत होतो, पण त्याची मुभा बहुतेक वेळा आराखड्यात आधीच मिळालेली असते. शहर किंवा वाढीचं केंद्र असेल तर विकास आराखडा, बाकीच्या भागात प्रादेशिक योजना. दोन्ही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतात.

प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर सगळे जागे होतात, पण तेव्हा अर्धा उशीर झालेला असतो. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग कलम २५ प्रमाणे अस्तित्वातील भूवापर नकाशा तयार केला जातो. सगळं त्या नकाशावर ठरतं. सर्वेक्षणाला आलेला माणूस मे महिन्यात आला आणि त्याने तुमच्या जागेवर 'मोकळी जागा' लिहिलं की पुढचा प्रत्येक नकाशा त्यावरच उभा राहतो. म्हणून इरादा जाहीर झाल्याची बातमी कळताच नगररचना अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या : अमुक नंबरांत पाणथळ आहे, सोबत तक्ता, बारा महिन्यांचे फोटो आणि ठराव जोडला आहे, भूवापर नकाशात ती जलक्षेत्र म्हणून दाखवावी. आम्ही हे पत्र स्वतः नेऊन दिलं आणि सर्वेक्षकांना जागेवर यायचं निमंत्रण दिलं. ते आले, गुडघाभर चिखलात उतरले, आणि आमच्या बांबूचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून घेऊन गेले.

कलम २६ खाली प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचनांसाठी साधारण महिन्याभराची मुदत असते. राजपत्रातल्या नोटिशीवरची तारीख पाहा. भाग नकाशाची प्रत घ्या आणि आपल्या नंबरांवर रंग कोणता आहे ते बघा. एकच छापील मजकूर शंभर जणांनी सही करून देण्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या वापरासह लिहिलेल्या हरकती भारी पडतात, कारण नियोजन समितीपुढे सुनावणीला प्रत्येकाला बोलावलं जातं. तिथे दोन-तीन मिनिटंच मिळतात. पहिल्या वाक्यात गट नंबर, दुसऱ्यात काय बदल हवा, तिसऱ्यात पुरावा. भाषण नको.

आराखडा मंजूर झाला म्हणून सुटलो असं नाही. कलम ३७ खाली 'किरकोळ फेरबदल' करून एखाद्या नंबराचा विभाग बदलता येतो आणि त्याची नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते. गटातल्या एकाने राजपत्र आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांच्या जाहीर नोटिसा रोज पाहायच्या, हे काम वाटून द्या. नवी मुंबईत सीवूड्सच्या एनआरआय आणि टीएस चाणक्य पाणथळींवर गोल्फ कोर्सची वाट मोकळी करणाऱ्या निर्णयाविरुद्ध नागरिक न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

नदीकाठी असाल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा मागवा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत या रेषांच्या आतल्या बांधकामावर बंधनं आहेत, आणि पुष्कळ पाणथळी त्यांच्या आतच असतात.

डंपर आलाच तर

एकट्याने आडवं उभं राहू नका, विशेषतः रात्री. सुरक्षित अंतरावरून गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण दिसेल असा व्हिडिओ घ्या, ११२ ला फोन करा आणि लगेच तहसीलदारांना लेखी कळवा.

तक्रारीत पहिला मुद्दा गौण खनिजाचा लिहा. मुरूम, माती, दगड उचलायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो. महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि ४८(८) खाली वाहन जप्त करता येतं. हा अधिकार तालुक्याच्याच ठिकाणी आहे, म्हणून तो सर्वात लवकर चालतो. दुसरा मुद्दा नगररचना कायद्याचा : त्या कायद्यातल्या 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत भराव घालून जमीन तयार करणंही येतं, तेव्हा परवानगी कुठे आहे ते विचारा. पाणथळ, तिवरं, किनारा हे मुद्दे त्याखाली. आम्ही आधी उलटं करायचो, पाणथळीवर दोन पानं लिहायचो. एका कार्यालयात तो अर्ज तीन महिने 'संबंधित विभागाकडे' फिरत राहिला. गौण खनिजाचा मुद्दा वर आला तेव्हा चौथ्या दिवशी पंचनामा झाला.

पंचनाम्याला हजर राहा, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि भरावाची लांबी-रुंदी-उंची त्यात लिहिली आहे का ते पाहा. 'काही प्रमाणात भराव आढळला' असं लिहिलं असेल तर तिथेच आकडा मागा.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर माहितीचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका. त्याला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा : अमुक तारखेच्या तक्रारीवरची टिपणी, पंचनामा, दिलेली नोटीस, त्या गटांसाठीचा गौण खनिज परवाना आणि विकास परवानगी यांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

लवाद

हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कलम १४ खालचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत, पूर्वस्थिती आणि भरपाईचा कलम १५ खालचा अर्ज पाच वर्षांत. सबळ कारण असेल तर दोन्हींत आणखी ६० दिवस. भरपाई मागायची नसेल तर शुल्क हजार रुपये. वकील नसला तरी बाजू मांडता येते. तक्रारींवर तक्रारी करताना हे सहा महिने निघून जातात आणि मग सगळा पुरावा असून दार बंद होतं. म्हणून भराव पहिल्यांदा दिसल्याची तारीख वहीच्या मुखपृष्ठावर लाल पेनने लिहा आणि चौथ्या महिन्यात वकिलाला भेटा.

अधिसूचना आणि त्यानंतर

सगळं शांत असेल तेव्हाच अधिसूचनेचा प्रस्ताव द्या. तक्ता, हद्दीचा नकाशा, वर्षभराच्या नोंदी, ठराव आणि हक्कांची यादी एकत्र बांधली की संक्षिप्त दस्तऐवजाचा बहुतेक मजकूर तयार असतो. तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे जातो. प्रारूप अधिसूचनेवर ६० दिवस हरकती घेतल्या जातात. त्या काळात काठावरच्या प्रत्येक घरी जाऊन प्रारूप वाचून दाखवा. प्राधिकरणाच्या शिफारशीपासून २४० दिवसांत अंतिम अधिसूचना व्हावी असं नियम सांगतो. हाताशी कालदर्शिका ठेवून दर महिन्याला स्मरणपत्र पाठवा.

आमची उघाडी आता पुन्हा चालते. मुरूम निघाला, नवी फळी बसली, तिचा खर्च मच्छिमार आणि शेतकरी यांनी निम्मा निम्मा उचलला. फळी कोणी, कधी उघडायची याची पाळी ठरली आहे आणि ती शाळेच्या भिंतीवर लावली आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी, मे महिन्यातल्या शेवटच्या उधाणाआधी, तोंडाशी साचलेला गाळ काढावा लागतो. घमेली आणि फावडी ग्रामपंचायतीकडून मिळतात. सकाळी ओहोटी कधी आहे ते पाहून वेळ ठरवतो, आणि बांबूचे पट्टे धुपले असतील तर त्याच दिवशी पुन्हा रंगवतो.